प्राध्यापकांकडून छळ होत असेल तर तक्रार कुठे आणि कशी करायची? वैद्यकीय विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे पान महाराष्ट्रात एमबीबीएस, इंटर्नशिप किंवा पीजी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. मी स्वतः एका सरकारी कॉलेजात सर्जरीत पीजी केले. गेली काही वर्षे ज्युनियर्सना तक्रारीचे अर्ज लिहायला मदत करते आहे. तक्रार खोटी निघाली म्हणून बुडाली असे मी क्वचितच पाहिले. ती बुडते कारण ती तोंडीच राहते, नाहीतर चुकीच्या दारात जाते. म्हणून खाली दारांबद्दल आणि कागदांबद्दल जरा जास्तच लिहिले आहे.

सरांचा कडकपणा आणि छळ, यातली रेघ कुठे?

राऊंडच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिला नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली, तर ती शिकवणीच समजा. पेशंटचा जीव त्या रिपोर्टवर असतो. व्हायवात अवघड प्रश्न विचारणे, केसपेपर पुन्हा लिहायला लावणे, हजेरी कमी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवणे हे कितीही लागले तरी छळ नव्हे.

बोलणे कामावरून माणसावर घसरले की रेघ ओलांडली जाते. 'कोट्यातून आलीस, एवढेच येणार तुला', आईबापावरून शिव्या, रंगावरून, भाषेवरून, गावावरून टोमणे. फाइल किंवा इन्स्ट्रुमेंट अंगावर फेकणे. चूक एकाची आणि सलग ड्युटी सगळ्या बॅचला. सरांच्या मुलाला क्लासला सोडणे, बँकेच्या रांगेत उभे राहणे, त्यांच्या खाजगी दवाखान्यात फुकट बसणे. ताप एकशे तीन असताना रजा नाकारणे. शिकवायचे ते मुद्दाम न शिकवणे, म्हणजे वर्षभर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हात धुऊन शस्त्रक्रियेला उभे राहू न देणे, आणि शेवटी 'तुला काहीच येत नाही' म्हणणे.

माझ्या पहिल्या वर्षी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचे हत्यार) थोडा सरकला म्हणून माझ्या बोटांवर आर्टरी फोर्सेप्सचा, म्हणजे धातूच्या चिमट्याचा, फटका बसला. ग्लोव्हच्या आत बोट सुजत होते आणि मी केस संपेपर्यंत तशीच उभी होते. रात्री हॉस्टेलवर रूममेटने बर्फ दिला आणि म्हणाली, 'सगळ्यांनाच बसतो गं.' मी गप्प बसले. आज मी त्याला मारहाण म्हणते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ मध्येही जाणूनबुजून इजा करणे हा गुन्हाच आहे, आणि ऑपरेशन थिएटरला त्यातून सूट नाही.

प्राध्यापकाने दिलेला त्रास रॅगिंगमध्ये धरतात का?

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २००९ चे रॅगिंगविरोधी नियम विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला दिलेल्या त्रासाबद्दल आहेत. त्यामुळे लेक्चरर किंवा विभागप्रमुखाविरुद्धचा अर्ज फक्त रॅगिंगविरोधी समितीकडे दिला, तर 'हे आमच्या कक्षेत नाही' असे उत्तर यायची शक्यता मोठी. मधल्या काळात महिना निघून जातो.

पण दोन अपवाद लक्षात ठेवा. एक, वरच्या वर्षाचा पीजी त्रास देत असेल आणि युनिट हेडला ते माहीत असून ते गप्प असतील, तर तो रॅगिंगचाच मामला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे (एनएमसी) २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम कॉलेजला आणि तिथल्या जबाबदार माणसांनाही उत्तरदायी धरतात. दोन, महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे. प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. अर्जात या कायद्याचे नाव आणि 'सात दिवस' हे शब्द असले की डीन ऑफिसमध्ये कागद जरा लवकर हलतो, हे मी पाहिले आहे.

रॅगिंगची देशभरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते.

मग प्राध्यापकाविरुद्ध पहिला अर्ज कोणाकडे द्यायचा?

त्रास कसला आहे त्यावर दार ठरते.

साधा अपमान, आकस, मार्कांत अन्याय, रजा किंवा कागद अडवणे असे असेल तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ही समिती सक्तीची केली आहे. तिच्यात प्राध्यापक असतात, विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि पंधरा कामाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. या लोकपालाचा लोकायुक्तांशी काही संबंध नाही. हा विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी नेमलेला निवृत्त न्यायाधीश किंवा ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ असतो, आणि त्याला तीस दिवसांची मुदत आहे. पंधरा दिवसांची अपिलाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ड्युटीच्या धबडग्यात ती हमखास निघून जाते.

लैंगिक त्रास असेल तर अंतर्गत समिती. तिला अजूनही सगळे 'विशाखा समिती' म्हणतात. जातीवरून त्रास असेल तर समान संधी कक्ष, आणि गंभीर असेल तर थेट पोलीस. पैसे मागितले तर लाचलुचपत विभाग. यातल्या प्रत्येकाचे खाली वेगळे उत्तर आहे.

विभागप्रमुखाविरुद्धच तक्रार असेल तर अर्ज 'विभागप्रमुखांमार्फत' पाठवू नका. आपल्याकडे रजेच्या अर्जापासून सगळे 'मार्फत' लिहायची सवय असते आणि हात आपोआप तेच लिहितो. अर्ज थेट डीनच्या नावे द्या. प्रत समितीच्या अध्यक्षांना द्या.

अर्ज कसा लिहायचा?

'सर नेहमी अपमान करतात, खूप मानसिक त्रास होतो, कृपया न्याय मिळावा.' माझ्याकडे येणारे दहातले आठ अर्ज असेच असतात. त्यातला शब्दन् शब्द खरा असतो, पण समितीला त्यावर काही करता येत नाही. 'नेहमी' म्हणजे कधी? 'अपमान' म्हणजे काय शब्द? समोरचा एका ओळीत 'असे काही घडले नाही' म्हणून मोकळा होतो.

तेच असे लिहिता येते:

'दि. १४ रोजी सकाळी साधारण ९.२० वाजता, पुरुष शल्य वॉर्ड, खाट क्र. ११ जवळ राऊंड चालू असताना युनिट प्रमुखांनी माझ्या हातातली फाइल घेऊन जमिनीवर फेकली व मला पुढील शब्दांत शिवी दिली. त्या वेळी दोन सिस्टर, एक इंटर्न आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे नातेवाईक हजर होते. त्यानंतर मला सलग दोन रात्री जादा ड्युटी लावण्यात आली. ड्युटी चार्टची प्रत सोबत जोडली आहे.'

शिवी जशी दिली तशीच लिहा. गाळलेल्या जागा आणि टिंबे ठेवू नका. लाज तुमची नाही.

प्रत्येक घटनेला वेगळा क्रमांक द्या. तीन ठळक घटना पुरतात. वीस घटना दिल्या की समिती विसावीतली तारीख चुकलेली शोधून बाकीच्यांवरही संशय घेते. शेवटी काय हवे ते स्पष्ट मागा: युनिट बदलून द्यावे, गाईड बदलून द्यावा, चौकशी होईपर्यंत माझे इंटर्नल मार्क दुसऱ्या प्राध्यापकांनी द्यावेत. 'योग्य ती कारवाई व्हावी' असे लिहिले की योग्य काय ते ठरवायला समिती मोकळी राहते.

मराठीत लिहिले तरी चालते. आपल्या भाषेत माणूस नेमके लिहितो.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. तो अर्ज डीनच्या हातात देऊन 'बघतो' ऐकून परत येऊ नका. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आमच्यातली एक पहिल्या वर्षाची मुलगी अर्ज घेऊन गेली तेव्हा खिडकीतल्या काकांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, 'बाळ, आधी साहेबांना भेट. कशाला कागद करतेस?' ती म्हणाली, 'काका, भेटते. तुम्ही फक्त शिक्का द्या.' पाच मिनिटे ती तिथून हलली नाही. शेवटी त्यांनी शिक्का मारला आणि स्वतःहून आवक क्रमांकाखाली पेनाने रेघ ओढली. पुढे सहा महिन्यांनी कॉलेजने 'असा अर्ज मिळालाच नाही' असे विद्यापीठाला कळवले, तेव्हा ती रेघ ओढलेली प्रतच कामाला आली.

शिक्का दिलाच नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. शिवाय आपल्या स्वतःच्या ईमेलवरून पाठवा. कॉलेजने दिलेला ईमेल कोर्स संपला की बंद होतो.

पुरावा म्हणून काय चालते? चोरून रेकॉर्डिंग केले तर मीच अडकेन का?

सर्वांत चांगला पुरावा म्हणजे त्याच दिवशी लिहिलेली नोंद. वहीत लिहा किंवा स्वतःलाच ईमेल करा. ईमेलवर तारीख-वेळ आपोआप पडते. तीन महिन्यांनी आठवून लिहिलेल्या यादीपेक्षा अशा चार ओळी जास्त टिकतात.

व्हॉट्सअॅपचे मेसेज डिलीट करू नका. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. ड्युटी चार्ट, रजेचे नाकारलेले अर्ज, लॉगबुकवर न झालेल्या सह्या, मार लागला असेल तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत दाखवून केलेले कागद, हे सगळे पुराव्यातच येते.

ज्या संभाषणात तुम्ही स्वतः आहात ते रेकॉर्ड केले तर समिती ते ऐकू शकते. कोर्टात न्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपा. काटछाट करू नका. ज्या बोलण्यात तुम्ही नव्हताच ते लपून टिपू नका.

एका गोष्टीत मात्र मी फार कडक आहे. पेशंटचे नाव, नोंदणी क्रमांक, चेहरा, केसपेपर यातले काहीही तक्रारीबरोबर उघडे जाऊ देऊ नका. काळ्या पेनाने झाका. त्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला आहे, आपल्या भांडणात त्याला ओढायचे नाही. शिवाय समोरच्याला उलट तक्रार करायला आयते कारण मिळते.

नाव न देता तक्रार करता येते का?

रॅगिंगच्या हेल्पलाइनवर येते. इतरत्र निनावी पत्र बहुतेक वेळा दप्तरी दाखल होते. भीती असेल तर एकट्याच्या नावाऐवजी पाच-सहा जणांनी मिळून सही करा, किंवा तुमच्या वतीने मार्ड (निवासी डॉक्टरांची संघटना), इंटर्न्सची संघटना किंवा विद्यार्थी परिषद अर्ज देईल असे पाहा. लैंगिक छळाच्या तक्रारीत नाव समितीला द्यावेच लागते, पण ते बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे.

तक्रार केली तर मला नापास करतील का?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. बहुतेक जण तो दार लावून घेतल्यावर, हळू आवाजात विचारतात. त्यामुळे नापास करण्याची ताकद नक्की कोणाच्या हातात आहे ते समजून घ्या.

एमबीबीएसच्या विद्यापीठ परीक्षेला निम्मे परीक्षक बाहेरचे असतात. पीजीच्या प्रॅक्टिकललाही चारातले दोन बाहेरचे. थिअरीचे पेपर विद्यापीठ तपासून घेते, तुमचे युनिट हेड नव्हे. म्हणजे एका माणसाला ठरवून तुम्हाला विद्यापीठात नापास करणे वाटते तितके सोपे नाही.

खरी नस आहे ती इंटर्नलची, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाची. एमबीबीएसला परीक्षेला बसायला इंटर्नलमध्ये एकूण ५० टक्के आणि थिअरी-प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकी किमान ४० टक्के लागतात, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि या सगळ्यावर विभागाची सही असते. पीजीला हीच नस थिसिसवर आणि लॉगबुकवर असते. तिथे दाब येतो.

म्हणून तक्रार देण्याआधी आपली हजेरी आणि इंटर्नलचे आकडे लेखी मिळवा. इंटर्नलचे निकाल परीक्षेनंतर एक-दोन आठवड्यांत नोटीस बोर्डावर लावायला हवेत, असे एनएमसीच्या अभ्यासक्रमातच आहे. बोर्डाचा फोटो काढा. तक्रारीच्या आधी ६२ टक्के आणि नंतर ३८ टक्के, असे दोन कागद शेजारी ठेवले की लोकपालाला फार समजावून सांगावे लागत नाही. पेपर पुन्हा तपासा अशी नुसती मागणी लोकपाल घेत नाही. भेदभावाची किंवा अनियमिततेची ठोस बाब दाखवली तर घेतो.

सूड घेतला जाणारच नाही असे मी म्हणणार नाही. घेतला जातो. पण आवक शिक्का असलेल्या अर्जानंतर घेतलेला सूड कागदावर दिसतो, त्याआधीचा दिसत नाही.

गाईड थिसिसवर सही करत नाहीत, किंवा सहीसाठी 'काहीतरी' मागतात.

नुसती दिरंगाई असेल तर प्रत्येक वेळी थिसिस ईमेलने पाठवा, 'आज अमुक प्रकरण पाठवत आहे, दुरुस्त्या कळवाव्यात' असे दोन ओळीत लिहा. असे चार ईमेल झाले की गाईड बदलण्याचा अर्ज भक्कम होतो. हा अर्ज डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही.

पैसे, महागडी वस्तू, विमानाचे तिकीट मागितले असेल आणि प्राध्यापक सरकारी किंवा महापालिकेचे असतील, तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. फार कमी जणांना माहीत असलेली एक गोष्ट: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर तो सुटतो. सात दिवस. पैसे आधीच देऊन बसला असाल तर हे वाक्य पुन्हा वाचा आणि आजच वकिलाशी बोला.

लैंगिक छळाची तक्रार वेगळी का असते?

कारण तिच्यासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातले संरक्षण इतर कुठल्याही मार्गापेक्षा मजबूत आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर साठ दिवसांत कारवाई. अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असावाच लागतो. बाहेरचा सदस्य नसेल तर समितीच कायद्याप्रमाणे बनलेली नाही, आणि हे तुम्ही पहिल्याच दिवशी लेखी विचारू शकता.

यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही हवेत. याच नियमांखाली मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात. मुलग्यांना हे कोणी सांगतच नाही, आणि ते वर्षानुवर्षे कुढत राहतात.

चौकशी चालू असताना तुम्ही अंतरिम दिलासा मागू शकता. त्या प्राध्यापकाला तुमच्या कामाचे मूल्यमापन करू देऊ नये, तुमच्या शिक्षणावर त्याची देखरेख नसावी, तुमचे युनिट बदलावे किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी. हे कायद्याच्या नियमांतच लिहिले आहे. तक्रारीच्या अर्जातच मागा, कारण समिती हे आपणहून द्यायला बांधील नाही. त्यासाठी तुमची लेखी मागणी लागते.

'सिद्ध नाही झाले तर तुझ्यावरच कारवाई होईल' अशी भीती घातली जाते. कायदा स्पष्ट आहे: आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी केली असे चौकशीत निघाले तरच कारवाई होते. तडजोडीचा पर्याय फक्त तुम्ही मागितला तर, आणि तोही पैसे घेऊन मिटवण्यासाठी नाही.

जातीवरून बोलतात. पण 'मी गंमत केली' म्हणतात.

रँक विचारणे, कोटा विचारणे, आडनावावरून हसणे, 'तुमच्या लोकांना' हा शब्द वापरणे. हे बोलणाऱ्याला गंमत वाटू शकते. ऐकणाऱ्याला ती रोज सकाळी साडेसातला वॉर्डात पाऊल टाकताना आठवते.

जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या, मुंबईत नायर रुग्णालयाच्या कॉलेजात स्त्रीरोग विभागात पीजी करत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. मूळ आरोपपत्र तीन सिनियर डॉक्टरांवर होते. पण त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी, हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेले विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका यांच्यासोबत, सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली, ती संस्थांनी भेदभाव रोखण्याची आपली जबाबदारी पाळावी यासाठी होती. त्यांच्या लेकींनंतर, लेकांनंतर येणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ती लढाई आहे. हे लिहिताना मला दर वेळी थांबावे लागते.

मार्ग दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी घेता येतात. कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा, हे यूजीसीचे २०१२ चे नियम सांगतात. त्याच्याकडे लेखी अर्ज द्या. आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, चार लोकांसमोर जातीवरून जाणूनबुजून अपमान झाला असेल, तर अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो. त्यात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची किंवा डीनच्या परवानगीची अट नाही. वॉर्डातले पेशंट, नातेवाईक, सिस्टर, मावशी हे 'चार लोक'च आहेत. कोण हजर होते ते त्याच दिवशी लिहा.

सलग ३६ तास ड्युटी लावतात. ही तक्रार होऊ शकते का?

होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी जे निर्देश काढले, त्यांत साधारणपणे सलग १२ तासांहून जास्त नको आणि आठवड्याला ४८ तास, असे आहे. एनएमसीच्या २०२३ च्या पीजी नियमांत आकडा नाही, 'वाजवी तास' आणि रोज विश्रांती असे शब्द आहेत. मात्र वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, पाच दिवस शैक्षणिक रजा आणि कामाच्या गरजेनुसार साप्ताहिक सुट्टी, हे त्यात ठळकपणे आहे. एनएमसीच्याच मानसिक आरोग्य कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ती शिफारस आहे, नियम नव्हे. अर्जात तसाच उल्लेख करा.

अपुऱ्या मनुष्यबळामुळे सगळ्यांनाच ३६ तास पडत असतील तर एका प्राध्यापकावर तक्रार करून काही होत नाही, तो संघटनेने घ्यायचा प्रश्न आहे. पण चार्टमध्ये फक्त तुमचेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर सलग तीन महिन्यांचे चार्ट जोडा. ते पुरेसे बोलतात.

एकट्याने करू की सगळ्यांनी मिळून?

शक्य असेल तर मिळून. २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या नेत्रविभागातल्या निवासी डॉक्टरांनी वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार केली, शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत हा त्यातला मोठा मुद्दा होता. प्रकरण संपापर्यंत गेले. वरिष्ठांनी आरोप फेटाळले आणि राजीनामे दिले. त्यात कोण किती बरोबर, हा निवाडा करायला मी बसलेली नाही. पण एकच मुद्दा अनेकांनी, सह्या करून, एकाच कागदावर मांडला, म्हणून तो राज्यभर ऐकला गेला. एकट्या मुलीने तेच म्हटले असते तर 'तिला येतच नाही' एवढ्यावर विषय संपला असता.

फक्त ज्यांची सही घेता त्यांना घाबरवून घेऊ नका. चौकशीत दोघे फिरले की बाकीच्यांचे खरेही खोटे दिसते.

कॉलेजने अर्ज दाबला तर?

एक महिन्यानंतर स्मरणपत्र द्या, आधीचा आवक क्रमांक टाकून. मग वरचे दार. सरकारी कॉलेज असेल तर मुंबईतले वैद्यकीय शिक्षण आयुक्तालय. मुंबई महापालिकेचे असेल तर पालिकेचे वैद्यकीय शिक्षण संचालक. विद्यापीठाकडे, म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, खाजगी आणि सरकारी दोन्ही कॉलेजांची तक्रार जाते. 'आपले सरकार' पोर्टलवरही नोंदवा.

आणि माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत एकच विषय: 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची, टिपणी व शेऱ्यांसह, प्रत मिळावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कित्येकदा उत्तर यायच्या आधीच समितीच्या बैठकीची नोटीस येते.

पोलिसांकडे कधी जायचे?

मारहाण, धमकी, लैंगिक हल्ला, जातीवाचक शिवीगाळ असेल तर समितीची वाट पाहायची गरज नाही. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तातडीने ११२. सोबत कोणीतरी घेऊन जा.

आईबाबांना सांगू का?

सांगा. डीनसमोर त्यांनी बोलावे की नाही हे नंतर ठरवा, पण घरी माहीत असू द्या.

झोप लागत नाही. कधी कधी वाटते की सगळे संपवावे.

मग तक्रार दुसऱ्या नंबरवर. आज रात्री एकटे राहू नका. रूममेटला उठवा, खरोखर उठवा, तिला दुसऱ्या दिवशी ड्युटी असली तरी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्रीत जायची लाज वाटत असेल तर शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात जा. रजा घेऊन घरी जाणे म्हणजे हरणे नाही. एक टर्म पुढे गेली तरी डिग्री तीच मिळते.

आमचे कॉलेज अभिमत विद्यापीठ आहे. एम्स, गोवा, परदेश यांचे काय?

अभिमत विद्यापीठात नाशिकचा संबंध येत नाही. तिथली समिती, तिथलाच लोकपाल, आणि वर यूजीसी व एनएमसी. एम्स नागपूर केंद्राची संस्था आहे, तिथे संचालकांकडे आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर लिहायचे. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गोवा विद्यापीठाखाली येते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या प्राध्यापकांवर एनएमसीचा अधिकार चालत नाही. तिथे विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय, भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल हेच मार्ग आहेत.

मी पास होऊन बाहेर पडलो. आता बोलून काय उपयोग?

लैंगिक छळाची सहा महिन्यांची कमाल मुदत गेली असेल तर कॉलेजच्या समितीचा मार्ग बहुधा बंद आहे, पण गंभीर गुन्ह्याची पोलिसांत नोंद नंतरही होऊ शकते. तुमच्या स्वतःच्या तक्रारीपेक्षा तुमचा जबाब जास्त मोलाचा असतो. आता तुमचे इंटर्नल कोणाच्या हातात नाही.

दोन वर्षांपूर्वी मला एका अनोळखी मुलीचा फोन आला. ती माझ्याच विभागातली, माझ्यानंतर सात बॅच. तिने समितीला अर्ज दिला होता आणि साक्षीदार शोधत होती. म्हणाली, 'मॅडम, फोर्सेप्सचे तुमच्याही वेळी होते का?' मी हो म्हटले. त्याच रात्री दोन पानांचा जबाब लिहून, सही करून, स्कॅन करून पाठवला. तारीख मला नीट आठवत नव्हती. तेव्हा बर्फ देणाऱ्या रूममेटला फोन लावला, आणि तिला ती आठवत होती.